नवा जोडलेला कॉम्प्युटर सुरू होत नाही तेव्हा

नव्याने जोडलेला डेस्कटॉप बटण दाबूनही सुरू झाला नाही, की एखादा महागडा भाग जळाला असा निष्कर्ष लगेच काढला जातो. नव्या जोडणीत भाग मुळातच खराब निघण्याची उदाहरणे असतात, पण थोडी. रॅम पूर्ण न बसणे, एखादी केबल लावायची राहणे, मदरबोर्डाच्या बायोसला प्रोसेसर ओळखता न येणे किंवा मॉनिटरची वायर चुकीच्या जागी लागणे, ही कारणे त्याहून कितीतरी अधिक वेळा सापडतात. यांपैकी बहुतेक दोष घरच्या घरी, एका पेचकसाच्या आणि मदरबोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या मदतीने दूर होतात.

दोष शोधण्याची प्रचलित रीत म्हणजे संशयित भागाच्या जागी दुसरा चालू भाग लावून पाहणे. पुण्या-मुंबईत ती सोपी आहे. यवतमाळ जिल्ह्यात मात्र भाग बहुधा कुरिअरने आलेले असतात किंवा सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरातून आणलेले असतात. वणीकरांना चंद्रपूर आणि उमरखेडकरांना नांदेड त्यातल्या त्यात जवळ. घाटंजी, महागाव किंवा झरी जामणीत डीडीआर५ रॅमची दुसरी पट्टी ऐन वेळी कोण देणार? म्हणून इथे भाग बदलून पाहण्याऐवजी भाग काढून पाहण्याची रीत धरावी लागते. कॉम्प्युटरला जिवंत असल्याची खूण दाखवायला फार थोडे भाग लागतात: एसएमपीएस, मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, रॅमची एक पट्टी, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्ड. बाकी सगळे काढून ठेवायचे, एवढ्यावर मशीन उठते का ते पाहायचे आणि मग एकेक भाग परत लावायचा. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि मशीन सुरू झाले, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि महिनाभराने तो पुन्हा उपटतो.

तपासणीआधी दोष कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, ना पंखा ना दिवा, ही पहिली स्थिती. पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी. पडद्यावर अक्षरे येतात पण विंडोज सुरू होत नाही, ही तिसरी. तिन्हींची कारणे वेगळी आहेत. तिसऱ्या स्थितीत रॅम उचकटत बसणे जितके निरर्थक, तितकेच पहिल्या स्थितीत विंडोजची पेनड्राइव्ह पुन्हा तयार करणे.

भिंतीपासून सुरुवात

पहिली तपासणी कॅबिनेटच्या बाहेर होते. मशीन यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर असेल तर ते बाजूला ठेवून भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये थेट लावावे. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो, आणि चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर काही आधुनिक एसएमपीएसना मानवत नाही. त्याच सॉकेटवर मोबाइल चार्ज होतो म्हणजे वीज ठीक आहे असेही नाही. मोबाइलचा चार्जर ११० व्होल्टवरही चालतो. केवळ २०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेला स्वस्त एसएमपीएस १७० व्होल्टवर मान टाकतो. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी सुरू असताना शेतातल्या वस्तीवर आणि डीपीपासून दूर असलेल्या घरांत दाब उतरतो हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रलमधला दाब मोजावा. तो २३० च्या आसपास हवा, आणि मोजणी ज्या वेळी मशीन सुरू होत नाही त्याच वेळी करावी. मल्टिमीटर घरात नसेल तर यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारे कोणी ओळखीचे असल्यास त्यांच्याकडे तो असण्याची शक्यता बरीच आहे.

याच वेळी अर्थिंग पाहावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते किंवा टेस्टर मंद पेटतो, ही अर्थिंग नसल्याची खूण आहे. एसएमपीएसमधले गाळणी कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोहोंना पत्र्याशी जोडतात; अर्थची तार कुठेच पोहोचत नसेल तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. त्यातून मिळणारा प्रवाह अगदी थोडा असतो, पण मॉनिटर किंवा टीव्हीची केबल लावता-काढताना तो नाजूक पोर्टमधून वाट काढू शकतो. जुन्या घरांत सॉकेट तीन छिद्रांचे असते आणि वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नसते. जिथे अर्थिंगचा खड्डा केलेला आहे तिथेही या जिल्ह्यातली काळी कापसाची जमीन मे महिन्यात भेगाळते, पार कोरडी पडते आणि खड्ड्याचा विरोध वाढतो. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते ते यासाठी. न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब दोन-तीन व्होल्टपेक्षा फार जास्त दिसला तर कॅबिनेट उघडण्याआधी वायरमनला बोलवावे.

स्थिर विजेची भीती दमट किनारपट्टीपेक्षा विदर्भात अधिक खरी आहे. थंडीच्या कोरड्या रात्री आणि एप्रिल-मेच्या दुपारी हवेत ओलावा फारच कमी असतो. लोकरी स्वेटर, नायलॉनचा सदरा किंवा ब्लँकेट टाकलेला पलंग यांपासून दूर, सुती कपड्यांत, लाकडी टेबलावर काम करावे. भिंतीवरचे बटण बंद पण पिन सॉकेटमध्येच ठेवून एसएमपीएसच्या रंग नसलेल्या धातूला मधून मधून हात लावला की अंगावरचा भार निघून जातो. अर्थातच अर्थिंग खरे असेल तरच. कूलरने हवेत ओलावा येतो ही चांगली गोष्ट, पण कूलरच्या झोताच्या रेषेत उघडा मदरबोर्ड ठेवू नये, कारण त्यातून पाण्याचे थेंबही येतात.

काहीच हालचाल नाही

मशीन पूर्ण निर्जीव असेल तर प्रथम एसएमपीएसच्या मागचे छोटे बटण पाहावे. त्यावर रेघ आणि शून्य असते. रेघेची बाजू दाबलेली हवी. हे सांगणे पोरकट वाटते, तरी सर्वाधिक वेळा सापडणाऱ्या कारणांत त्याची गणना होते. त्यानंतर वायर एसएमपीएसमध्ये शेवटपर्यंत ढकलावी. नव्या वायरी घट्ट असतात आणि अर्ध्यावरच बसल्यासारख्या वाटतात.

मदरबोर्डावरचा २४ पिनांचा जाड कनेक्टर दुसरा संशयित. त्याची खिटी कट असा आवाज करून अडकली पाहिजे. बोर्डाच्या कडेला खाली आधार नसतो, त्यामुळे दाबताना बोर्ड वाकेल या भीतीने तो अनेकदा अर्धवट सोडला जातो. दुसऱ्या हाताने बोर्डाची कड खालून धरून दाबावा.

मग पॉवर बटणाची बारीक वायर. कॅबिनेटच्या पुढच्या भागातून आलेल्या दोन-दोन पिनांच्या चार टोप्या बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसतात, आणि तिथली अक्षरे वाचायला मोबाइलची बॅटरी लागते. बहुतेक बोर्डांवर ही मांडणी सारखीच असते: नऊ पिना, दहावीची जागा रिकामी, वरच्या ओळीत २ आणि ४ क्रमांकाला पॉवरचा दिवा, ६ आणि ८ ला पॉवर बटण, खालच्या ओळीत १ आणि ३ ला हार्ड डिस्कचा दिवा, ५ आणि ७ ला रीसेट. बटणाच्या वायरीला उलट-सुलट नसते. दिव्यांच्या वायरींना असते. कॅबिनेटचे बटणच खराब असल्याची शंका आली तर टोपी काढून ६ आणि ८ या दोन पिनांना पेचकसाच्या टोकाने क्षणभर एकदम स्पर्श करावा. मशीन उठले तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत. तोपर्यंतची सोय म्हणून रीसेट बटणाची टोपी पॉवरच्या जागी लावून काम भागते.

इथपर्यंत यश आले नाही तर एसएमपीएस एकटा तपासावा. वीज बंद करून सगळ्या केबली मशीनमधून काढाव्यात. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार एकच असते. ती आणि शेजारची कोणतीही काळी तार कागदाच्या पिनेने जोडावी, एखादा जुना कॅबिनेट पंखा लावावा आणि मग वीज सुरू करावी. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान उठतो आहे. मल्टिमीटर असेल तर पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, तांबड्यावर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसले पाहिजेत. बऱ्याच नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्या तारा काळ्याच असतात; तिथे पिनांची आकृती समोर असल्याशिवाय हा प्रयोग करू नये. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडायचा नाही. वीज काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब काही वेळ राहतो.

एसएमपीएस एकटा चालतो, पण बोर्डाला लावल्यावर पंखा क्षणभर हलून थांबतो, असे झाले तर कुठेतरी शॉर्ट आहे. कॅबिनेटच्या तळपत्र्यावर पितळी उंचवटे बसवलेले असतात आणि बोर्ड त्यांवर टेकतो. छोट्या आकाराच्या बोर्डाखाली मोठ्या बोर्डासाठीचा एखादा उंचवटा तसाच राहिला, तर तो मागच्या बाजूच्या टाक्यांना टेकतो. बोर्डामागे पडलेला स्क्रूही हेच करतो. खात्री करण्यासाठी बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि तिथे सुरू करून पाहावा. ज्या चंदेरी पिशवीतून बोर्ड आला ती खाली घालू नये. ती थोडीबहुत वीजवाहक असते.

कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसविषयी इथेच एक गोष्ट सांगायला हवी. त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते, पण आजच्या कॉम्प्युटरला लागणारी जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टच्या तारांतून येते. लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली १६ अँपिअर असा आकडा असेल, तर त्याची खरी मदत १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. अशा डब्यावर ग्राफिक्स कार्ड लावले की मशीन उठेल, डिस्प्लेही देईल आणि पहिल्याच गेमला बसेल. दुसरी धोक्याची सवय म्हणजे सुट्या केबलींच्या एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीच्या केबली लावणे. कनेक्टर बसतो, पण डब्याकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क क्षणात संपते.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

नव्या जोडणीत सर्वाधिक दिसणारी स्थिती ही. इथे घाई न करणे हाच पहिला उपाय. डीडीआर५ रॅम असलेले मशीन पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करते. प्रत्येक मार्गावरच्या संकेताची वेळ ते तपासून ठरवते आणि या काळात पडदा काळाच असतो. यात काही मिनिटे जातात, मोठ्या क्षमतेच्या पट्ट्यांना अधिक. मधेच मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरूही होते. अधीरपणे बटण दाबून ते बंद केले की सगळे पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटे त्याला हात लावू नये. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर हे विशेष पाळावे.

तेवढ्या वेळात मॉनिटर पाहावा. मॉनिटर घ्यायचा राहिला म्हणून घरातला टीव्ही जोडला असेल तर रिमोटने बरोबर एचडीएमआय निवडलेले हवे. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये केबल कार्डाच्या पोर्टला लावायची, मदरबोर्डाच्या नव्हे. ही चूक इतकी सर्रास आहे की दुकानदार फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो. उलट बाजूने, ज्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही त्याच्या बोर्डावरचे एचडीएमआय पोर्ट शोभेचे असते. इंटेलच्या नावात शेवटी एफ असलेले प्रोसेसर, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० यांत ग्राफिक्स नाही; ५६००जी मध्ये आहे. पैसे वाचवायला एफ घेतला आणि कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ म्हटले, तर तो महिनाभर पडदा काळाच राहणार.

जुन्या मशीनमधले कार्ड नव्या बोर्डावर चढवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पुष्कळ कार्डांत नव्या यूईएफआय पद्धतीला लागणारा भाग नसतो आणि नव्या बोर्डांत जुनी पद्धत बंद ठेवलेली असते. कार्ड चांगले, बोर्ड चांगला, तरी चित्र नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर जुने कार्ड काढून बोर्डाच्या पोर्टवर चित्र येते का ते पाहावे.

प्रोसेसरची स्वतंत्र केबल विसरण्याचे प्रमाणही मोठे आहे. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, पंख्याच्या आणि कॅबिनेटच्या अडचणीत, आठ किंवा चार पिनांचे एक सॉकेट असते. तिथे केबल नसली तरी बाकीचे पंखे दिमाखात फिरतात. एसएमपीएसमधून दोन तशाच दिसणाऱ्या केबली येतात: एकीवर सीपीयू लिहिलेले असते, दुसरीवर पीसीआय-ई. दुसरी ग्राफिक्स कार्डाची. ती प्रोसेसरच्या जागी जोर लावून बसवू नये. एसएमपीएसला चारच पिनांची सीपीयू केबल असेल आणि बोर्डावर आठ पिना असतील, तर साध्या प्रोसेसरला ती चालून जाते.

रॅमकडे यानंतर वळावे, आणि इथे पुरेसा वेळ द्यावा, कारण डिस्प्ले न येण्याचे मुख्य कारण बहुधा इथेच निघते. पट्टी बसवायला लागणारा जोर नवख्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त असतो. हल्लीच्या अनेक बोर्डांवर स्लॉटच्या एकाच टोकाला खिटी असते. त्या टोकाचा आवाज ऐकून काम झाले असे वाटते आणि दुसरे टोक एखादा मिलिमीटर वरच राहते. दोन्ही टोके अंगठ्यांनी आळीपाळीने दाबावीत आणि सोनेरी संपर्कपट्टीची रेघ सगळीकडे सारखी दिसते का ते बाजूने पाहावे. तरीही चित्र नसेल तर एकच पट्टी ठेवावी. चार स्लॉटच्या बोर्डावर तिची जागा प्रोसेसरपासून मोजून दुसरी. दोन पट्ट्या असतील तर दुसरी आणि चौथी. एका पट्टीने काम झाले नाही तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी पहिल्या जागी. चार प्रयोगांत पट्टी खराब की स्लॉट, हे दुसरी रॅम विकत न आणता कळते. संपर्कपट्टीवर खोडरबर घासण्याचा आपल्याकडचा प्रसिद्ध उपाय जुन्या, काळवंडलेल्या रॅमसाठी आहे. नव्या पट्टीवर तो करू नये, रबराचे कण स्लॉटमध्ये जातात. एच६१०, बी६६० आणि बी७६० हे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात आणि पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते. पट्टी बसतच नसेल तर ती दामटण्याआधी खोक्यावरचे नाव वाचावे.

बोर्ड स्वतःही बोलतो, फक्त त्याची भाषा ओळखली पाहिजे. एमएसआय, असूस आदी कंपन्यांच्या बऱ्याच बोर्डांवर २४ पिनांच्या कनेक्टरजवळ चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे छापलेले असते. सुरू होताना ते क्रमाने पेटून विझतात. जो पेटलेलाच राहतो त्या टप्प्यावर गाडी अडली आहे. स्वस्त बोर्डांवर हे दिवे नसतात, पण स्पीकर लावायच्या चार पिना असतात. पूर्वी कॅबिनेटबरोबर येणारा छोटा स्पीकर आता येत नाही. कोणत्याही कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडच्या भंगारात तो सापडतो आणि मागून आणण्यासारखा आहे. एक छोटा आवाज म्हणजे सगळे ठीक. सारखे लांब आवाज बहुधा रॅमचे, एक लांब आणि मागून दोन-तीन छोटे बहुधा ग्राफिक्सचे. संपूर्ण यादी कंपनीनुसार बदलते, म्हणून पुस्तिका पाहावी. रॅम मुद्दाम काढून मशीन सुरू करण्याचा एक उपयोगी प्रयोग आहे. स्पीकर ओरडला तर प्रोसेसर आणि बोर्ड बरेचसे जिवंत आहेत. रॅमशिवायही शांतता असेल तर संशय त्या दोघांवर किंवा बायोसवर जातो.

बायोसचा प्रश्न लहान गावांत जास्त येतो. जिथे खप कमी तिथे बोर्ड दुकानाच्या फळीवर दीर्घकाळ पडून राहतो, आणि त्यातला बायोस कारखान्यातून निघाला त्या दिवसाचाच असतो. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर १२वी पिढी २०२१ मध्ये, १३वी २०२२ मध्ये आणि १४वी २०२३ मध्ये आली. तिन्ही एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण २०२२ च्या सुरुवातीचा एच६१० बोर्ड बायोस अद्ययावत केल्याशिवाय १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर ओळखत नाही. एएमडीकडे हीच गोष्ट २०१८ च्या बी४५० बोर्डाची आणि २०२० मध्ये आलेल्या रायझन ५००० मालिकेची. एएम५ वर ती जुन्या बी६५० बोर्डाची आणि २०२४ च्या रायझन ९००० ची. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डासाठी कोणत्या प्रोसेसरला किमान कोणता बायोस लागतो याचा तक्ता असतो. बोर्डाच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅक असे बटण असेल तर प्रोसेसर न ओळखताही काम होते: पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करायची, फाइलला पुस्तिकेत दिलेले नाव द्यायचे, नेमलेल्या यूएसबी पोर्टला लावायची आणि बटण काही सेकंद दाबून धरायचे. या वेळात वीज जाता कामा नये. वीज जाण्याच्या वेळा ठाऊक असतील तर त्या टाळाव्यात. आभाळ भरून आले असेल तर काम दुसऱ्या दिवसावर टाकावे. फ्लॅशबॅक नसेल तर त्याच सॉकेटचा जुना प्रोसेसर असलेल्या दुकानात बोर्ड नेण्यावाचून उपाय नाही.

बायोसमधल्या चुकीच्या नोंदी पुसण्यासाठी वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटन सेल पाच-दहा मिनिटे काढून ठेवावा. दुकानात फार दिवस राहिलेल्या बोर्डाचा सेल उतरलेलाही असतो. तो घड्याळाच्या दुकानात मिळतो.

सर्वांत शेवटी प्रोसेसर काढावा, आधी नाही. इंटेलच्या आणि एएम५ च्या सॉकेटमध्ये केसाएवढ्या पिना बोर्डावर असतात, जुन्या एएम४ मध्ये त्या प्रोसेसरवर. तिरप्या उजेडात मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहिला तर वाकलेली पिन ओळींतून वेगळी चमकते. एएम४ ची पिन पातळ पात्याने हळूहळू सरळ करता येते. बोर्डावरच्या पिनांना नवख्याने हात लावू नये. एएम४ चा पंखा काढण्याआधी मशीन थोडे गरम करून पंखा किंचित फिरवून सैल करावा, नाहीतर थर्मल पेस्टला चिकटलेला प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो.

अक्षरे आली, विंडोज नाही

पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले म्हणजे अवघड भाग संपला. डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जावे आणि डिस्क यादीत दिसते का ते पाहावे. साटा डिस्कला दोन केबली लागतात, एक माहितीची आणि एक विजेची. छोट्या एम.२ एसएसडीचे दोन प्रकार आहेत, साटा आणि एनव्हीएमई. आकार सारखाच, पण केवळ एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये साटा प्रकारची बसते आणि दिसत नाही. डिस्क बायोसमध्ये दिसते पण विंडोज टाकताना यादीत येत नाही, असे इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या काही मशीनांत होते. तिथे बायोसमधले व्हीएमडी बंद करावे किंवा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तो इन्स्टॉलच्या वेळी दाखवावा.

बूट करण्यायोग्य डिस्क नाही, असा संदेश कोऱ्या एसएसडीवर येणारच; तो दोष नाही. जुन्या कॉम्प्युटरची विंडोज असलेली डिस्क लावली असेल तर ती जुन्या एमबीआर पद्धतीची असू शकते आणि नवे बोर्ड जीपीटी पद्धतीची डिस्क मागतात. जुन्या बोर्डाचे विंडोज नव्यावर ओढत आणण्यापेक्षा आतली कागदपत्रे दुसरीकडे उतरवून नव्याने टाकणे श्रेयस्कर. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्या मशीनवर ११ च टाकावे. त्याला टीपीएम २.० सुरू असणे आणि सिक्युअर बूटची सोय असणे आवश्यक आहे. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी गिगाबाइटच्या बोर्डावर एफ१२, एमएसआय आणि अॅसरॉकवर एफ११, असूसवर एफ८. इन्स्टॉलच्या मध्यावर विंडोज इंटरनेट मागते आणि वाय-फायचा ड्रायव्हर अजून नसतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की अडलेली गाडी पुढे जाते.

मशीन बायोसपर्यंत येऊन एक-दोन मिनिटांत बंद पडत असेल तर बायोसमधले प्रोसेसरचे तापमान पाहावे. यवतमाळात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, खोलीच चाळिशीत असते. त्या दिवसांत प्रोसेसर ५५ ते ६० अंश दाखवत असेल तर काळजी नको. आकडा डोळ्यांदेखत ९० च्या वर चढत असेल तर पंखा नीट टेकलेला नाही. पंख्याच्या तळाची पारदर्शक पट्टी काढायची राहणे, किंवा इंटेलच्या पंख्याच्या चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एक आरपार न जाणे, ही त्याची नेहमीची कारणे. वणीकडची कोळशाची धूळ आणि जिनिंगच्या हंगामातली कापसाची तूस यांचा नव्या मशीनशी संबंध नाही. वर्षभराने मात्र तापमानाचा हाच आकडा त्यांच्यामुळे वाढलेला दिसेल.

भाग परत पाठवताना

एवढे सगळे करूनही दोष एखाद्या भागावर येऊन थांबला, तर त्या भागाची वॉरंटी वापरावी. विक्रेत्याकडे भाग थेट बदलून घेण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. ती उलटल्यावर कंपनीच्या सेवाकेंद्राकडे जावे लागते आणि वेळ लागतो. म्हणून सगळे भाग हाती येताच जोडणी करावी. ग्राफिक्स कार्डाची वाट पाहत मदरबोर्ड महिनाभर खोक्यात ठेवला तर ती मुदत खोक्यातच संपते. कुरिअरचे पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा आणि त्यात अनुक्रमांकाचे लेबल वाचता आले पाहिजे. जीएसटी बिलावरचा अनुक्रमांक आणि भागावरचा अनुक्रमांक जुळतो का ते तेव्हाच पाहावे.

मदरबोर्ड पाठवण्याआधी सॉकेटच्या पिनांचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा आणि सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी परत बसवावी. ती जोडणीच्या दिवशीच कचऱ्यात गेलेली असते आणि तिच्याशिवाय आलेला बोर्ड सेवाकेंद्रे बहुधा स्वीकारत नाहीत. पिना वाकलेल्या असतील तर वॉरंटी सहसा नाकारली जाते. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी काढून घरीच ठेवावेत, बोर्ड त्याच्या चंदेरी पिशवीत आणि मूळ खोक्यात घालावा. पूर्ण मशीनच नागपूरला न्यायचे असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि मोठा कूलर काढून वेगळे बांधावेत. एसटीच्या डिकीत आडव्या-उभ्या हिसक्यांनी त्यांचे वजन स्लॉटवर येते आणि दुरुस्तीला नेलेल्या मशीनमध्ये एक नवा दोष तयार होतो.